सामाईक भिंत

“मॅम, कॉमन वॉल हा शब्द तुम्हाला सुचला कसा?” अंतराने भर सभागृहात विचारलं, आणि सरोजबाईंच्या तोंडून उत्तर निघून गेलं, “सुचला असाच. बसल्या बसल्या.”

सभागृह खुशीत हसलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सरोजबाईही हसल्या. माइकमधला त्यांचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून जरा उशिरा परत आला, आणि तो ऐकताना त्यांना वाटलं, हे कोण बोललं? समोर पाण्याची बाटली होती, तिचं झाकण फिरता फिरेना. शेवटी शेजारच्या प्राध्यापकांनी ते उघडून दिलं.

ठाण्यातल्या त्या कॉलेजात गणित आणि संगीत या विषयावर चर्चासत्र होतं. सरोज कर्णिक, वय एकोणसत्तर, आधी कल्याणच्या आणि मग ठाण्याच्या एका कॉलेजात मिळून चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, डोंबिवलीत पेंडसेनगरला एकट्या राहणाऱ्या. त्यांना अशा ठिकाणी एरवी कुणी बोलवत नसे. बोलावलं ते अंतराने. ही तिशीतली संशोधक मुलगी, जुनी नियतकालिकं चाळताना तिला सरोजबाईंचा १९८४ सालचा अकरा पानी लेख सापडला होता. “या अकरा पानांवर माझी अख्खी पीएचडी उभी आहे,” असं ती व्यासपीठावरून म्हणाली. तिने पडद्यावर रंगीत मणी मांडून दाखवले. सात मणी, परत सात, परत सात. आणि एक रांग संपते तिथले दोन मणी पुढच्या रांगेचेही पहिले दोन. त्या दोन मण्यांभोवती तिने लाल चौकट काढली आणि वर नाव दिलं, कर्णिक वॉल. स्वतःचं आडनाव एवढ्या मोठ्या अक्षरांत सरोजबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी निघताना त्यांनी आईची गर्भरेशमी साडी काढली होती, तिच्या काठाला डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि पडद्यावरच्या त्या अक्षरांकडे बघताना तो वास त्यांना एकदम नकोसा झाला.

जेवणाला त्या थांबल्या नाहीत. अंतराने गाडी बोलावून दिली, दारापर्यंत आली, वाकून नमस्कार केला. “मॅम, तुमचा चेहरा उतरलाय. बरं आहे ना?” “उन्हाने असेल गं,” सरोजबाई म्हणाल्या. जानेवारी होता, ऊन तसं नव्हतंच. गाडी तलावपाळीला वळसा घालून कळव्याच्या पुलावर आली. खाली खाडीचं पाणी शिशासारखं पडून होतं. मांडीवर चर्चासत्राची शाल, नारळ, आणि त्यांच्याच लेखाची फ्रेम केलेली पहिल्या पानाची प्रत. काचेत त्यांना स्वतःचा चष्मा दिसत होता आणि चष्म्यापलीकडे छापील ओळी. ‘सुचला असाच.’ माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान क्षणभर तरी विचार करतो. आपण तोही केला नाही, म्हणजे हे उत्तर केव्हापासून तयार होतं?

कल्याणच्या कॉलेजात त्या लागल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. स्टाफरूममध्ये बायका तीनच, आणि गणिताच्या त्या एकट्या. दुपारी दोनच्या पुढे वर्ग रिकामे व्हायचे, नि पीएचडीचं टिपण घेऊन त्या नऊ नंबरच्या खोलीत जाऊन बसायच्या, कारण तिथला फळा मोठा होता आणि खिडकीतून काळ्या तलावाकडचा वारा यायचा. एकदा त्या दाराशीच थबकल्या. आत कॉलेजचे शिपाई सीताराम खरात शेवटच्या बाकावर बसून दोन्ही हातांनी बाक वाजवत होते. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. एरवी खांदे पाडून खडूचे डबे, हजेरीपट, टपाल घेऊन फिरणारा हा पस्तिशीचा माणूस त्या बाकापाशी एकदम ताठ दिसत होता. सरोजबाईंना पाहून ते धडपडत उठले. “सॉरी मॅडम. आमची पार्टी आहे शहाडला, भीमगीतांची. जयंती जवळ आली, हात बसायला पाहिजे.” “काय वाजवत होतात?” “ढोलकीचंच. शेवटची तिहाई जमत नव्हती.” आणि सरोजबाई, ज्यांना तोवर कुणाशीच पटकन बोलता यायचं नाही, त्या खडू उचलून म्हणाल्या, “सांगा बरं. मी मांडून बघते.”

त्यांच्या प्रबंधाचा विषय कोरडा होता, अक्षरांच्या रांगा मोजण्याचा. त्यात ताल कसा आला, हे त्यांनाही कळलं नाही. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा, मध्ये दोनदा सारखाच दम घ्यायचा, आणि शेवटचा ठोका बरोब्बर समेवर टाकायचा. सोळा मात्रांचं आवर्तन, सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, तीच सम. तीन तुकडे आणि दोन दम यांची बेरीज सतरा यायला हवी. सरोजबाईंनी पाच मिनिटांत फळ्यावर उत्तरं लिहिली. तुकडा पाचाचा तर दम एकाचा. तीनाचा तर दम चाराचा. एकाचा तर दम साताचा. “तीनच,” त्या म्हणाल्या, “चौथी शक्यच नाही.” सीतारामांनी फळ्याकडे बघितलं, मग आपल्या पंजांकडे बघितलं. “मॅडम, आम्ही साताचा वाजवतो की.” “साताचा कसा वाजवाल? तीन सत्ते एकवीस. सतरात एकवीस बसतील का?” “बसतात,” सीताराम म्हणाले, आणि त्यांनी बाकावर वाजवून दाखवलं. ता धा तीटक ता धा. सात ठोके. मग तीनदा. सरोजबाई बोटांवर मोजत होत्या. सतरावर हात थांबला. त्यांनी पुन्हा वाजवायला लावलं, पुन्हा मोजलं, पुन्हा सतराच. कानाला तिन्ही वेळा पुरता तुकडा ऐकू येत होता, कुठे काही कापल्याची खूण नव्हती, आणि तरी चार मात्रा कुठेतरी नाहीशा झाल्या होत्या. अंगावर काटा आला. गणित करताना तसा काटा त्यांच्या अंगावर त्याआधी कधी आला नव्हता, नंतरही आला नाही.

“सोपं आहे मॅडम,” सीताराम म्हणाले होते, “शेवटचं ‘ता धा’ आणि पुढच्याचं पहिलं ‘ता धा’ एकच. दोघांत एक. आमच्या चाळीत दोन खोल्यांना दोन भिंती असतात काय? मध्ये एकच असते. ती त्यांची पण, आपली पण. सामाईक भिंत.”

ते वर्ष! गाडी मुंब्र्याच्या पुढे वाहतुकीत अडकून उभी होती, डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे कंटेनरांची रांग, आणि सरोजबाईंना खडूची पूड बोटांवर लागल्यासारखी जाणवत होती. दुपारी दोन ते साडेतीन. त्या फळ्यावर, सीताराम बाकावर. किती लांबीच्या तुकड्याला किती भिंती चालतील? सुरुवात आणि शेवट जुळणारे तुकडे एकूण किती? त्या सूत्र मांडायच्या, सीताराम ते वाजवून बघायचे, आणि कधी कधी हात मध्येच थांबवून म्हणायचे, “मॅडम, हे बेरजेत बसतंय, पण कानाला बसत नाही.” मग त्या चिडायच्या आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांना चूक सापडलेली असायची. एकदा जयंतीला त्या शहाडलाही गेल्या होत्या, रेल्वे फाटकाजवळच्या त्यांच्या चाळीत. मंडपात सीताराम ढोलकीवर होते, निळा फेटा बांधून. त्यांच्या बायकोने, मीराबाईंनी, खीर दिली होती आणि विचारलं होतं, “मॅडम, हे खरंच तुम्हाला शिकवतात?” “हो,” सरोजबाई म्हणाल्या होत्या, “खरंच शिकवतात.” तेव्हा ते किती सहज म्हणता आलं होतं. घरी डोंबिवलीत मात्र त्यांनी आईला सांगितलं होतं की कॉलेजच्या कार्यक्रमाला गेले होते.

लेख लिहून झाला. शेवटी आभाराची ओळ होती: सामाईक भिंतीची कल्पना आणि मूळ रचना श्री. सीताराम खरात यांची. मार्गदर्शक होते त्र्यंबक सहस्रबुद्धे, नौपाड्यात राहायचे, सज्जन माणूस, आवाज कधी चढला नाही. त्यांनी पेन्सिल टेकवून विचारलं, “हे कोण?” “आमच्या कॉलेजातले शिपाई आहेत सर. ढोलकी फार सुंदर वाजवतात.” सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, “सरोज, परदेशी नियतकालिक आहे. तपासणारे हसतील. लोकवाद्यांत असा प्रकार आढळतो, एवढं लिही. पुरे.” आणि त्या ओळीवर त्यांनी हलकीशी रेघ मारली. पेन्सिलचीच होती. घरी येऊन ती खोडता आली असती. सहस्रबुद्धे सर जाऊन वीस वर्षं झाली; इतकी वर्षं सरोजबाईंनी ती रेघ त्यांच्या नावावर ठेवली. पण त्या संध्याकाळी टाइपरायटरवर नवं पान चढवताना त्यांना आतून काय वाटलं होतं? सुटका. भिंत आता एकट्या त्यांची होती, आणि ते बरं वाटलं होतं. हे आज, कंटेनरच्या मागच्या दिव्याकडे बघत, त्या पहिल्यांदा मान्य करत होत्या.

छापील प्रती आल्या त्या टपालाने, पंचवीस. पाकीट घेऊन स्टाफरूममध्ये आले ते सीतारामच. त्यांनीच सुतळी सोडली. “आपलं छापून आलं का मॅडम?” आपलं. “हो, आलं,” सरोजबाई म्हणाल्या. सीतारामांनी पँटीला हात पुसले आणि वरची प्रत उचलली. इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही असं स्टाफरूम धरून चालायची. पण रोजचं टपाल ते पाकिटावरची नावं वाचूनच वाटायचे, तेव्हा नावं त्यांना वाचता येत होती. मण्यांच्या आकृतीशी थांबून ते हसले, “ही आपली भिंत.” मग एकेक पान उलटत गेले. वर, खाली, समासात. अकरावं पान, त्याची मागची बाजू. सरोजबाई उत्तरपत्रिका तपासत असल्याचं दाखवत होत्या. लाल पेन एकाच जागी टेकून शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. प्रत परत गठ्ठ्यावर ठेवून, कडा नीट जुळवून सीताराम म्हणाले, “कागद चांगला वापरलाय.” दुसऱ्या दिवसापासून नऊ नंबरची खोली दुपारी रिकामी असायची. दीड वर्षाने सरोजबाईंना ठाण्याच्या कॉलेजात जागा मिळाली. निरोपसमारंभात सीतारामांनी सगळ्यांना चहा दिला, त्यांनाही दिला.

“मॅडम, लेफ्ट ना? मानपाडा?” ड्रायव्हर विचारत होता.

“सरळ घ्या,” सरोजबाई म्हणाल्या. “पत्रीपुलावरून. शहाडला जायचंय.”

“ॲपमध्ये डोंबिवली आहे मॅडम. चेंज करावं लागेल.”

“करा ना. मला येत नाही ते. तुम्हीच करा.”

शहाडला फाटक राहिलं नव्हतं आणि चाळही राहिली नव्हती. तिच्या जागी चार मजल्यांची इमारत, खाली मोबाइलचं दुकान. “कॉलेजातले खरात? ढोलकीवाले?” दुकानातल्या मुलीने वर बोट दाखवलं. “सेकंड फ्लोअर. आजोबा घरीच असतात.” म्हणजे आहेत. इतका वेळ सरोजबाईंनी मनाशी एक सोपी गोष्ट धरून ठेवली होती, की ते नसतील. आपण मीराबाईंसमोर दोन शब्द बोलू, डोळे पुसू आणि निघू. जिना चढताना गुडघे दुखत होते आणि शाल, नारळ, फ्रेम सगळं हातात होतं. ते गाडीत ठेवायला हवं होतं, हे दारावरची बेल दाबल्यावर सुचलं.

मीराबाईंनी दार उघडलं, डोळे बारीक करून बघितलं. “अगं बाई, मॅडम! जय भीम, या, या. अहो, बघा कोण आलंय.” सीताराम खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. केस पांढरे, खांदे तसेच पडलेले. उजवा हात मांडीवर उपडा ठेवलेला; दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून तो चालत नाही, हे मीराबाईंनी पाणी देता देता सांगितलं. “कर्णिक मॅडम,” सीताराम म्हणाले. ओळखायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

सरोजबाईंनी सगळं सांगितलं. सभागृह, अंतरा, तिचा प्रश्न, आपलं उत्तर. पेन्सिलची रेघ. त्या रेघेनंतर बरं वाटलं होतं, तेही. बोलताना त्यांनी फ्रेम पलंगावर उपडी ठेवली होती. शेवटी सीताराम म्हणाले, “पाकिटात पंचवीस होत्या. मला वाटलं, एक देतील.”

सरोजबाईंनी उपडी फ्रेम जरा बाजूला सरकवली.

“नाव शोधलं मी. पहिल्या पानापासून.”

“माहितीये. मी बघत होते.”

“आठ दिवस यांनी कुणाशी धड बोलणं केलं नाही,” मीराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “ढोलकी माळ्यावर टाकली. जयंतीला पार्टीवाले बोलवायला आले तर म्हणे ताप आहे.”

“ताप होताच,” सीताराम म्हणाले. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून नीट ठेवला. “पण मॅडम, मीही एक सांगितलं नव्हतं. तो साताचा तुकडा माझा नाही.”

“म्हणजे?”

“रतनचा. रतन उबाळे, खडवलीचा. माझ्याआधी पार्टीत तोच ढोलकीवर होता. कावीळ झाली आणि सव्विसाव्या वर्षी गेला. वाजवायला त्यानेच शिकवलं मला. तुम्ही त्या दिवशी फळ्यापाशी उभ्या राहून विचारलंत, सीताराम, हे तुम्ही शोधून काढलंत? कॉलेजात मला तोवर कुणी असं विचारलं नव्हतं. तासाची घंटा द्या, चहा आणा, एवढंच. मी हो म्हणालो. मग रोजच हो म्हणावं लागलं. छापून आलं तेव्हा भीती पण होती. माझं नाव असतं तर रतनच्या आईला काय तोंड दाखवणार? आणि नव्हतं, तर वाईट वाटलं. वाईटच जास्त वाटलं. खोटं कशाला बोलू.”

सरोजबाईंना क्षणभर एकदम हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली. हा माणूस एका दुपारी एका प्रश्नाला हो म्हणाला होता. आपल्याला कुणी विचारलंही नव्हतं, आणि आपण चाळीस वर्षं भिंत आपलीच धरून राहिलो होतो. तोल सारखा होत नव्हता. “पण भिंत?” त्यांनी विचारलं. “ती पण रतनची?”

“नाही.” सीतारामांचा आवाज पहिल्यांदा चढला. “भिंत माझी. रतन नुसता वाजवायचा, त्याला काय चाललंय ते सांगता यायचं नाही. मला सांगता आलं. भिंत मला सुचली, तुम्हाला सांगता सांगता.”

सरोजबाईंनी पर्समधून मोबाइल काढला. अंतराने पहिल्याच घंटीला उचलला, “मॅम, पोचलात?” “अंतरा, मी सकाळी खोटं बोलले. तो शब्द माझा नाही. ज्यांचा आहे त्यांच्या घरी बसलेय.” पलीकडून प्लेटांचे, खुर्च्यांचे आवाज येत होते. मग अंतरा म्हणाली, “मॅम, माझा पेपर पुढच्या आठवड्यात जातोय. त्यात सगळीकडे कर्णिक वॉल आहे.” तिच्या आवाजातली सकाळची ऊब गेली होती, आणि ती गेली याचं सरोजबाईंना वाईट वाटलं. “बदल,” त्या म्हणाल्या. “काही अडचण आली तर माझं पत्र जोड.” अंतरा म्हणाली, “नावं लिहून फोटो पाठवा. इंग्रजीत. स्पेलिंग चुकायला नको.”

डायरी आणि पेन काढून सरोजबाई लिहायला वाकल्या, तेवढ्यात सीतारामांनी डावा हात पुढे केला. “द्या. मी लिहितो.” मीराबाईंनी डायरीखाली पाट सरकवला आणि ती हलू नये म्हणून कड धरून ठेवली. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखी जीभ किंचित बाहेर काढून सीताराम एकेक अक्षर कोरत गेले. आधी रतनचं नाव. त्याच्या आडनावापाशी ते थांबले, मनात काहीतरी जुळवलं, मग पुरं केलं. त्याखाली स्वतःचं, वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासकट. सरोजबाई बघत होत्या. एवढा वेळ त्यांनी कुणाचं लिहिणं असं बघितलं नव्हतं. परीक्षेच्या दालनातसुद्धा नाही. बाहेर शाळा सुटली होती, जिन्यात मुलं धावत होती. दहा मिनिटं झाली असतील.

लिहून झाल्यावर सीतारामांनी दोन्ही नावं ओठांतल्या ओठांत वाचून बघितली आणि डायरी त्यांच्याकडे सरकवली.

“आता तुमचं.”

“माझं छापलेलं आहे,” सरोजबाई म्हणाल्या.

“ते तिकडे. इथे कुठे आहे?” सीताराम म्हणाले. “मोजलं तर तुम्हीच ना? लिहा. खाली.”

सरोजबाईंनी पेन घेतलं. मीराबाईंनी कड सोडली नव्हती. त्यांनी डायरी जवळ ओढली आणि तिसऱ्या ओळीवर, सावकाश, सुट्या अक्षरांत आपलं नाव लिहायला सुरुवात केली.